दाखल्यासाठीचा अर्ज स्वतःहून देऊ नका

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा खासगी विनाअनुदानित शाळेत चौथीत शिकतो. त्याला अपस्मार असून औषधे नियमित चालू आहेत. गेल्या महिन्यात वर्गात फिट आल्यापासून मुख्याध्यापिका म्हणतात की, मी दिवसभर शाळेत थांबावे, नाही तर ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज करावा. शाळेवर कोणतीही जबाबदारी राहणार नाही, असे हमीपत्रही त्यांनी मागितले आहे. मी काय करावे?

उत्तर : तो अर्ज कृपया देऊ नका. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणूनच दाखला पालकांच्या विनंतीवरून दिल्याचे कागदोपत्री दिसावे, असा आग्रह धरला जातो, आणि तुमच्या सहीचा अर्ज एकदा फायलीला लागला की तो दबावाखाली दिला होता, हे तुम्हालाच सिद्ध करत बसावे लागते. हमीपत्रावरही सही नको. शाळेच्या वेळेत मुलाची वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य अशा कागदाने संपत नाही.

दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या अनुसूचीत अपस्माराचे नाव नाही, असे शाळा म्हणू शकेल. तथापि कलम 2 मधील दिव्यांग व्यक्तीची व्याख्या त्या यादीपेक्षा व्यापक आहे, आणि परीक्षेत लेखनिक (उत्तरे लिहून देणारा मदतनीस) मिळण्यासाठी 40 टक्के दिव्यांगत्वाची अट घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात 2021 मध्ये स्पष्ट केले आहे. मान्यताप्राप्त शाळेने मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यावी, असे दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 16 सांगते.

वर्गशिक्षिकेची भीती मात्र मला खरी वाटते. मूल डोळ्यांदेखत बाकावरून खाली कोसळते, कोणी कांदा हुंगवायला धावते, कोणी दातांत चमचा घालू पाहते, अशा वेळी नेमके काय करायचे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून हमीपत्राऐवजी तुम्हीच एक संमतीपत्र द्या. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे, फिट 5 मिनिटांपेक्षा लांबल्यास डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर नाकातला स्प्रे द्यावा आणि 108 वर फोन करावा, अशा डॉक्टरांच्या सहीच्या मराठी सूचना त्याला जोडा. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकांच्या संमतीने सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 27 चे संरक्षण आहे, हेही त्यात नमूद करा. शिक्षिकेला याचा मोठा आधार वाटेल.

हे पत्र देऊन दुसऱ्या प्रतीवर शाळेची शिक्क्यासह पोच घ्या. तरीही आडकाठी झाल्यास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली जिल्हा परिषदेकडे किंवा तुमच्या नगरपालिकेकडे लेखी तक्रार करा. तिचा निर्णय तीन महिन्यांत होणे अपेक्षित असून, त्याविरुद्ध राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. या काळात मुलाला रोज शाळेत पाठवत राहा आणि हजेरीत खंड पडू देऊ नका. गेटवर अडवले गेल्यास त्याच दिवशी तारीख व वेळ घालून मुख्याध्यापिकांना तसे लेखी कळवा.