पोट नाजूक असलेल्या कुत्र्याला कोणतं फूड द्यावं?

प्रश्न: आमचा लॅब्राडोर दीड वर्षाचा आहे, वजन ३० किलो. दर पंधरा-वीस दिवसांनी त्याचं पोट बिघडतं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडी थोडी पातळ शी, कधी शेंबडासारखी आव. बाकी खेळतो, खातो, वजनही टिकून आहे. लसी वेळेवर झाल्यात. तीन कंपन्यांचं फूड बदलून झालं. आम्ही शाकाहारी आहोत, घरात चिकन शिजत नाही. बाबा सकाळच्या चहाबरोबर त्याला बिस्किट देतात, मध्येच दूध-पोळीही होते. ग्रेन-फ्री घेऊन बघावं का? एखादं नाव सुचवा.

उत्तर:

नाव लगेच सुचवत नाही, रागावू नका. तीन कंपन्या बदलूनही त्रास जसाच्या तसा असेल, तर तो बहुधा कंपनीत नाहीच. त्यातून दर बदलाच्या वेळी जुनं पाकीट संपलं आणि दुसऱ्या दिवशी नवीन उघडलं, असं झालं असेल तर त्या बदलानेही जुलाब लागतात. मग आपण म्हणतो, ‘हेही सोसलं नाही’, आणि पुढचं पाकीट आणतो. कुत्र्याचं पोट नाजूक आहे की आपण ते स्थिर होऊच देत नाही, हे आधी ठरवायला हवं.

मी डॉक्टर नाही. घरात वर्षानुवर्षं कुत्री आहेत. आधी एक जर्मन शेफर्ड होती, आता दोन गावठी आहेत, जी रस्त्यावर काय काय खाऊन आली असतील देव जाणे, पण पोट लोखंडी. शेफर्डचं मात्र उलट. भरपूर खायची आणि तरी बरगड्या मोजून घ्याव्यात. शी ढीगभर, फिकट, तेलकट. तिच्या स्वादुपिंडातून पाचक रसच पुरेसे येत नव्हते. या जातीत हा आजार बऱ्यापैकी दिसतो. टीएलआय नावाची रक्ततपासणी केल्यावर ते कळलं आणि मग जेवणात एन्झाइमची पूड कालवायला लागल्यावर तिच्या अंगाला अन्न लागलं. तोवर जगातलं कोणतंही महागडं फूड आणलं असतं तरी उपयोग शून्य होता.

हे सांगायचं कारण, शी नीट बघितली की बरंच कळतं. मोठ्या प्रमाणात पातळ शी आणि सोबत वजन उतरणं, म्हणजे बहुतेक वेळा लहान आतड्याचा मामला. थोडी थोडी, सारखी, जोर लावून, आव पडणारी, क्वचित लाल रक्ताचा ठिपका असलेली आणि वजन मात्र जागच्या जागी, म्हणजे मोठं आतडं. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारात बसतं. हा प्रकार त्रासदायक असला तरी त्यातल्या त्यात बरा, आणि त्याची नेहमीची कारणं ठरलेली असतात: जंत, जिआर्डिया (आतड्यात राहणारा सूक्ष्म परजीवी), खाण्यातला अचानक बदल, उकिरड्यातलं काहीतरी हादडणं. लॅब असल्यामुळे शेवटचं कारण मी सगळ्यात वर धरेन.

म्हणून फूडच्या दुकानात जाण्याआधी शी तपासून घ्या. ताजी, शक्यतो त्याच सकाळची. जिआर्डिया रोज शीतून बाहेर पडत नाही, त्यामुळे एकदा काही सापडलं नाही म्हणून नाही असं धरू नका; वेगवेगळ्या दिवसांचे दोन-तीन नमुने द्या. तीन महिन्यांनी देतो ती जंताची एक गोळी जिआर्डियाला पुरत नाही, सलग काही दिवसांचं औषध लागतं आणि ते डॉक्टरांनी वजनावर ठरवायचं. पावसाळ्यात डबक्यातलं पाणी पिणाऱ्या कुत्र्यांमध्ये हा परजीवी असतोच असतो असं नाही, पण शंका घ्यायला जागा असते. मुंबईत परळ, साताऱ्याकडे शिरवळ, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जवळच्या डॉक्टरांकडे तपासणीची सोय नसेल तर तिथे चौकशी करा.

तपासणी साफ आली, तर मग खाणं. आणि त्यात आधी बाबांचं बिस्किट.

ग्लुकोज बिस्किटात मैदा, साखर आणि पाम तेल असतं, १०० ग्रॅममध्ये साधारण ४५० कॅलरी. दोन बिस्किटांनी कुत्रा मरत नाही, पण ज्याचं पोट आपण तपासतोय त्याच्या हिशेबात ती धरावी लागतात. दुधाचं जरा वेगळं. पिल्लू आईचं दूध तोडलं की दुधातली साखर पचवणारं एन्झाइम त्याच्या पोटात कमी होत जातं. मोठ्या कुत्र्याला वाटीभर दूध दिलं की ती साखर न पचता मोठ्या आतड्यात जाते, पाणी ओढून घेते आणि तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात. परिणाम तुम्ही पुसताच आहात. दह्यात ही साखर काही अंशी आंबून गेलेली असते, पनीरात बरीचशी निवळीबरोबर जाते, म्हणून तेवढं अनेकांना सोसतं.

आता खऱ्या अ‍ॅलर्जीबद्दल. २०१६ साली एक आढावा प्रसिद्ध झाला होता, अन्नामुळे त्वचेचा त्रास होणाऱ्या २९७ कुत्र्यांचा. त्यात बीफ ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के असे दोषी सापडले. ही कुत्री खाजेची होती, जुलाबाची नव्हेत, म्हणून आकडे जसेच्या तसे तुमच्या लॅबला लावू नका. पण यादी बघा: बीफ वगळलं तर उरतं दूध, चिकन आणि पोळी. मराठी घरातल्या कुत्र्याचं ताटच ते! तांदूळ मात्र या यादीत वर कुठेच नाही.

त्यामुळे ग्रेन-फ्रीच्या मागे लागू नका. धान्य म्हणजे कुत्र्याचं वैरी, हे जाहिरातींनी पढवलेलं आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती असतात. माणसाच्या चुलीशेजारी हजारो वर्षं बसल्याचा हा परिणाम. उलट ग्रेन-फ्रीमध्ये धान्याऐवजी वाटाणा, मसूर, हरभरा ठासून भरलेले असतात आणि त्याने गॅस धरणारी कुत्री मी पाहिली आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अशा फूडचा हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली. फूडमुळेच होतं असं सिद्ध झालेलं नाही, पण कारण नसताना त्या वाटेला कशाला जायचं?

पाकीट कसं निवडावं? समोरचं चित्र बघू नका, मागचे घटक वाचा. पुढे ‘लँब अँड राइस’ लिहिलेल्या पाकिटाच्या मागे चिकन मील आणि चिकन फॅट निघणं अगदी नेहमीचं आहे. तुम्ही वापरलेल्या तिन्ही पाकिटांचे फोटो असतील तर शेजारी ठेवून वाचा. बहुधा तिन्हीत चिकन सापडेल, म्हणजे त्याच्या पोटाच्या दृष्टीने तुम्ही काही बदललंच नव्हतं. आता असं घ्या ज्यात प्राणिज प्रथिन एकच आहे आणि ते आधीपेक्षा वेगळं आहे, मासा किंवा अंडं वगैरे. फॅट कोरड्या फूडमध्ये १० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. पिल्लांच्या आणि खूप धावणाऱ्या कुत्र्यांच्या फूडमध्ये ते १८-२० वर जातं, ते तुम्हाला नको. ओल्या फूडचा आकडा फसवा असतो. डब्यावर फॅट ५ टक्के आणि पाणी ८० टक्के लिहिलेलं असेल, तर पाणी वजा केल्यावर ते फॅट २५ टक्के होतं.

पेट शॉपमध्ये पोत्यातून किलोवर मिळणारं सुटं फूड घेऊ नका. ते कधी उघडलं, किती दमट झालं, कोणाला माहीत? आपल्या पावसाळ्यात त्यातलं फॅट खवट होतं आणि बुरशी धरते. बुरशीचं विष शिजवून, वाळवून जात नाही. लहान पाकीट घ्या आणि मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

एवढ्यानेही फरक पडला नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळणारं पोटाचं खास फूड असतं; रॉयल कॅनिन, हिल्स, फार्मिना या तिघांचंही आपल्याकडे मिळतं. त्यात ‘हायड्रोलाइज्ड’ नावाचा प्रकार आहे: प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते ओळखूच येत नाहीत. महाग आहे, पण अ‍ॅलर्जी आहे की नाही याचा छडा लावायला उत्तम. पोटाचा त्रास असेल तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसायला लागतो, खाज असेल तर आठ आठवडे धीर धरावा लागतो. त्या काळात दुसरा कणही नाही, चवीची जंताची गोळीसुद्धा नाही. मग जुनं खाणं पुन्हा द्यायचं. त्रास परतला तर उत्तर मिळालं. केस किंवा लाळ पाठवून अ‍ॅलर्जी सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नका, त्यांचा भरवसा नाही.

कोणतंही नवीन फूड सुरू करताना पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवीन, मग अर्धं, मग पाऊण, असं सात ते दहा दिवसांत पूर्ण. तुमच्यासारख्या ठिकाणी मी दोन आठवडे घेईन. आणि मोजून द्या. ३० किलोच्या लॅबला दिवसाला साधारण १३०० ते १५०० कॅलरी लागतात, म्हणजे बहुतेक कोरड्या फूडचे ३५० ते ४२० ग्रॅम, दोन-तीन वेळांत विभागून. नुसत्या जास्त खाण्यानेही शी सैल होते, हे कोणी सांगत नाही.

शाकाहाराचं म्हणाल तर चिकन शिजवायची सक्ती कोणी केलेली नाही. कुत्रा मांजरासारखा पूर्ण मांसावर अवलंबून नसतो. पोषण पूर्ण असलेलं तयार शाकाहारी फूड त्याला चालतं. घरी करून वरण-भातावर ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे, ते पुरत नाही. अंडं चालत असेल तर उकडलेलं अंडं ही फार चांगली गोष्ट आहे. घरगुती जेवण कायमचं द्यायचं असेल तर आहारतज्ज्ञ पशुवैद्याकडून पाककृती लिहून घ्या. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाने २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, तर ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. यूट्यूबवरचा काका याला अपवाद असेल असं मला वाटत नाही.

पोट बिघडेल त्या दिवशी गुरगुट्या भात, भरपूर पाणी घालून शिजवलेला, मिठाशिवाय, त्यात उकडलेलं अंडं किंवा थोडं ताजं पनीर. दिवसातून चार वेळा थोडं थोडं, तीन-चार दिवस. त्यात उकडलेल्या लाल भोपळ्याचे दोन चमचे किंवा भिजवलेला चमचाभर इसबगोल घाला. मोठ्या आतड्याच्या त्रासात तंतूंचा चांगला उपयोग होतो. आमटी-रस्सा नको, कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिऱ्यातला बेदाणा मूत्रपिंड निकामी करू शकतो. आणि माणसाच्या जुलाबाच्या किंवा तापाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नका.

डांबरासारखी काळी शी, सारख्या उलट्या, पोट धरून वाकणं, सुस्त पडणं, फिक्या हिरड्या किंवा दोन दिवसांत न थांबणारे जुलाब, यातलं काहीही दिसलं तर भात शिजवत बसू नका, डॉक्टरांकडे जा. गोचीड झाल्या असतील तर तेही सांगा, गोचीड तापाची सुरुवात अशीही होते.

राहिले बाबा. त्यांना ‘देऊ नका’ सांगून काही होणार नाही, आमच्याकडे आजीने शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. सकाळी दिवसभराचं फूड मोजलं की त्यातलं मूठभर एका छोट्या डब्यात काढा आणि तो डबा चहाच्या टेबलावर ठेवा. बाबांनी हवं तेव्हा त्यातलं द्यावं. लॅबला हातातून मिळाल्याशी मतलब, बिस्किट आहे की त्याचंच फूड, याच्याशी नाही. पुढचे सहा आठवडे रोज शीचा फोटो काढून ठेवा (हो, फोनमध्ये, सवय होते) आणि त्या दिवशी काय खाल्लं ते खाली लिहा. डॉक्टरांकडे शीचा १ ते ७ असा तक्ता असतो, १ म्हणजे खडे, ७ म्हणजे पाणी. आपल्याला २-३ हवं. सहा आठवड्यांनी इथेच लिहा, घटकांच्या फोटोसकट, मग नावाचं बघू.