मोनोक्लोनल अँटीबॉडी म्हणजे ती फक्त आपल्याच रिसेप्टरला चिकटणार, असं धरून चालायचं का?

तुम्ही लिहिलंय की एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाची (इस्ट्रोजेन हार्मोन ओळखणारं सेलमधलं प्रोटीन) मोनोक्लोनल घेतली, वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने शोधायची पद्धत) तीन बँड आले, ज्या सेलमध्ये हा रिसेप्टर नसायला हवा तिथेही एक ठसठशीत बँड आहे, आणि गाइड म्हणतात मोनोक्लोनल आहे म्हणजे स्पेसिफिकच असणार. गाइडशी वाद घालायला सांगत नाहीये, पण ब्लॉट खरं बोलतोय.

मोनोक्लोनल म्हणजे सगळी अँटीबॉडी एकाच क्लोनमधून आलेली, बस. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टीन यांनी उंदराची बी सेल (अँटीबॉडी बनवणारी) आणि मायलोमा सेल (सतत वाढणारी, कॅन्सरची) जोडून हायब्रिडोमा केला (१९८४ चं नोबेलही मिळालं), त्यामुळे एकसारखी अँटीबॉडी पुन्हा पुन्हा बनवता यायला लागली. पण ती ओळखते एक छोटासा एपिटोप, म्हणजे प्रोटीनचा छोटा तुकडा, कधीकधी जेमतेम पाच-आठ अमिनो ॲसिडचा, आणि तसाच तुकडा दुसऱ्या प्रोटीनवर असला तर तिथेही तेवढ्याच प्रेमाने चिकटते. कोल्हापूरच्या स्टँडवर 'ओ पाटील' अशी हाक मारा, किती जण वळतात बघा.

आणि तुम्ही नेमका बीटाच निवडलाय, हा तर या बाबतीतला बदनाम रिसेप्टर! १९९६ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये गुस्ताफसन यांच्या लॅबला तो उंदीरवर्गातल्या रॅटच्या प्रोस्टेटमध्ये सापडला, मग ब्रेस्ट कॅन्सरसाठी नवीन टार्गेट मिळालं म्हणून सगळे मागे लागले, पेपरांचा पाऊस पडला. २०१७ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक पेपर आला, त्यात बीटाच्या १३ अँटीबॉडी बीटा असलेल्या आणि नसलेल्या सेलवर नीट तपासल्या, तर टिश्यू स्टेनिंगमध्ये (टिश्यूच्या कापावर अँटीबॉडी लावून रंग आणणं) फक्त एक खरी निघाली, पीपीझेड०५०६ नावाचा क्लोन, जो फारसं कोणी वापरतच नव्हतं. नापास झालेल्यांत मोनोक्लोनलही होत्या. त्या एका क्लोनने बघितलं तर टेस्टिस, ओव्हरी, लिम्फॉइड सेल इथे बीटा दिसला, पण ब्रेस्टमध्ये नाही, ना नॉर्मल ना कॅन्सरच्या. मग इतकी वर्षं पेपरांत छापलेले ते ब्रेस्ट टिश्यूतले सुंदर तपकिरी न्यूक्लियस कशाचे होते, देव जाणे.

आता तुमच्या बँडचं. आधी प्रायमरी (तुमची बीटाची अँटीबॉडी) न घालता नुसत्या सेकंडरीवर (प्रायमरीला पकडून बँड उजळवणारी दुसरी अँटीबॉडी) एक ब्लॉट करा. लायसेट (सेल फोडून काढलेलं प्रोटीनचं द्रावण) माऊसच्या टिश्यूचं असेल आणि अँटीबॉडीही माऊसची असेल तर सेकंडरी टिश्यूतल्याच आयजीजीला (माऊसच्या स्वतःच्या अँटीबॉडीला) पकडते, मग तिची हेवी चेन ५० किलोडाल्टनला आणि लाइट चेन २५ ला उजळते. बीटा साधारण ५९ ला येतो, म्हणजे मिनी जेल जरा कमी पळवलं की ५० आणि ५९ मधला फरक डोळ्याला कळत नाही आणि माणूस आनंदाने बाण काढून मोकळा होतो.

ते निस्तरलं की एचईके सेलमध्ये (लॅबमध्ये सर्रास वाढवतात त्या मानवी सेल) बीटाचं प्लाझमिड (बीटाचा जीन असलेला डीएनए) घाला, शेजारच्या लेनला रिकामा व्हेक्टर, म्हणजे बीटाचा जीन नसलेलं तेच प्लाझमिड. याने एवढंच कळतं की अँटीबॉडीला बीटा दिसतो, इतर काही दिसत नाही हे कळत नाही, कारण तिथे बीटाचा महापूर आलेला असतो. कंपनीच्या डेटाशीटवर बहुतेकदा हाच फोटो असतो आणि आपण तो बघून हजारो रुपये घालवतो. म्हणून तुमच्या सेलमध्ये नॉकआउट (बीटाचा जीनच काढून टाकणं), नाहीच जमलं तर एसआयआरएनए (जीनचा आरएनए दाबून प्रोटीन कमी करणं), आणि सोबत क्यूपीसीआर (जीनचा आरएनए किती आहे ते मोजणं). जीन काढूनही बँड जागेवर असेल तर तो तुमचा नाही, वजन कितीही जुळू दे. अँजिओटेन्सिनच्या एटी१ रिसेप्टरच्या बाजारातल्या अँटीबॉडींचं हेच झालं, रिसेप्टर नसलेल्या नॉकआउट माऊसमध्येही ४३ च्या आसपास तोच बँड.

दुसरी कंपनी घेऊन खात्री करणार असाल तर आधी क्लोन नंबर बघा, एकच क्लोन चार ब्रँडच्या लेबलखाली विकला जातो, दोन्ही 'जुळले' म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही. शक्य असेल तर रिकॉम्बिनंट (ठरलेल्या डीएनए सीक्वेन्सवरून बनवलेली अँटीबॉडी) घ्या, २०२३ मध्ये ६५ प्रोटीनच्या ६१४ अँटीबॉडी नॉकआउट सेलवर तपासल्या गेल्या त्यात सरासरीने रिकॉम्बिनंटच पुढे होत्या. विकत घ्यायच्या आधी ट्रायल सँपल मागा, लाजू नका, बरेच डीलर देतात.



थिसिसमध्ये मात्र तिन्ही बँडचा पूर्ण ब्लॉट लावा, कापून एकच पट्टी लावलीत आणि एक्स्टर्नलने (बाहेरच्या परीक्षकाने) मूळ फोटो मागितला तर पंचाईत होईल. क्लोन नंबर काय आणि लायसेट कशाचं, तेवढं सांगा, म्हणजे तो तिसरा बँड कशाचा असू शकेल ते बघता येईल.