मॅग्नेट कॉइलमध्ये ठेवलंय, तरी करंट का नाही?

प्रश्न : मी दहावीला सायन्स शिकवते. मुलं विचारतात, मॅडम, मॅग्नेट कॉइलच्या आतच आहे, मग गॅल्व्हानोमीटरचा (बारीकसा करंटही दाखवणाऱ्या मीटरचा) काटा शून्यावर का? विद्युतचुंबकीय प्रवर्तनाची, म्हणजे मॅग्नेटने तारेत करंट तयार होण्याची, व्याख्या पाठ आहे पण डोक्यात काही शिरत नाही.

उत्तर : मॅडम, मुलांचा प्रश्न एकदम बरोबर आहे, हे प्रवर्तन शोधणाऱ्या मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञालाही सुरुवातीला तेच वाटलेलं. ऑगस्ट 1831 मध्ये त्याने लोखंडी रिंगवर दोन कॉइल गुंडाळल्या, एकीला बॅटरी जोडली, तर दुसरीतला काटा फक्त बॅटरी जोडताना आणि काढताना हलला, मधे करंट चालू असतानाही ढिम्म. म्हणजे चुंबकीय क्षेत्र नुसतं असून भागत नाही, ते बदलत राहायला हवं.

वर्गात हे दाखवायचं तर डिजिटल मल्टिमीटर नको, त्याचे आकडे स्थिरावेपर्यंत खेळ संपलेला असतो, मधे शून्य असलेला काट्याचाच मीटर घ्या. मॅग्नेट आत घालताना काटा एकीकडे, काढताना उलटीकडे, आणि जोरात हलवला की जास्त. मोटर वाइंडिंगवाल्याकडची बारीक तार घेऊन शेकडो वेढे मारलेत आणि दोन एलईडी उलटसुलट जोडलेत तर आत जाताना एक आणि बाहेर येताना दुसरा चमकतो, फक्त मॅग्नेट चांगला स्ट्राँग निओडिमियमचा हवा.

तोच मॅग्नेट मग उभ्या तांब्याच्या पाइपमध्ये सोडा. तांबं मॅग्नेटला चिकटत नाही हे आधी दाखवा हं, नाहीतर मजाच जाते! मॅग्नेट रेंगाळत खाली येतो, कारण पाइपमध्ये तयार झालेला करंट त्याच्या पडण्याला विरोध करतो. लेन्झचा नियम, म्हणजे तयार झालेला करंट ज्या बदलामुळे आला त्यालाच विरोध करतो, यानंतरच फळ्यावर लिहा.