फ्यूज वाढवू नका, आधी प्लंजर बघा

तुम्ही लिहिलंय की जुन्या ज्यूकबॉक्सचे दिवे लागतात, निवडीचं बटण दाबलं की यंत्रणा हलायला लागते आणि क्षणात कंट्रोल सर्किटचा फ्यूज उडतो. नवा घातला की तोही जातो. आता दुरुस्तीवाला म्हणतोय की 3 अँपियरच्या जागी 10 चा घालू. कृपा करून घालू देऊ नका. माझ्या मशिनवर एका दुरुस्ती केंद्राने नेमकं हेच केलं आणि कंट्रोल ट्रान्सफॉर्मर जळला. व्हॉल्व्ह (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब), कपॅसिटर, सुई हे सगळं शोधलं तर मिळतं. पण तीन-चार वेगवेगळे व्होल्टेज देणारा त्या मॉडेलचा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही, आणि रिवाइंड करायचा तर जुने वेढे मोजत बसणारा कारागीर लागतो.

वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. 3 ऐवजी 10 अँपियर वाहू दिले तर ती साधारण 11 पट होते. त्यात तुमचं मशिन 60 हर्ट्झचं असून 50 वर चालत असेल, तर ट्रान्सफॉर्मर आधीच जास्त तापत असतो. (व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लावल्याने फक्त व्होल्टेज उतरतं, फ्रीक्वेन्सी तीच राहते. म्हणूनच मिनिटाला 45 फेऱ्यांची तबकडी 37.5 फेऱ्यांनी रडत फिरते. त्याला मोटरची 50 हर्ट्झची पुली किंवा बुशिंगच लागतं.)

फ्यूज उडण्याचं कारण बहुतेक वेळा वायरिंगमध्ये नसतं, सुकलेल्या ग्रीसमध्ये असतं. सोलेनॉइड म्हणजे करंट गेला की मधला दांडा, म्हणजे प्लंजर, आत ओढणारी कॉइल. एसीवर चालणाऱ्या सोलेनॉइडचा प्लंजर पूर्ण आत बसला की कॉइलचा इंडक्टन्स (एसी करंटला अडवण्याचा गुण) वाढतो आणि करंट खाली येतो. प्लंजर अर्ध्यात अडकला तर करंट चढलेलाच राहतो. डीसी सोलेनॉइडमध्ये तसं होत नाही. तिथे कॉइलची वीज तोडणारा स्विच चिकटलेला असतो, आणि क्षणभराच्या झटक्यासाठी बनवलेली कॉइल सलग चालू राहून इन्शुलेशन वितळतं, मग वेढे आपसात शॉर्ट होतात. दोन्ही प्रकारांत मूळ दोष यांत्रिक, आणि शिक्षा ट्रान्सफॉर्मरला.

आता तपासणी. प्लग काढा आणि प्रत्येक प्लंजर हाताने ढकलून बघा. सोडल्यावर तो स्प्रिंगने झटकन परत यायला हवा. रेंगाळला तर बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने प्लंजर आणि नळी दोन्ही पुसा आणि कोरडंच बसवा. तिथे तेलाचा थेंबही नको, तेच पुढे डिंक होतं. मग कॉइलची एक वायर सोडवून रेझिस्टन्स मोजा आणि तशाच दुसऱ्या कॉइलशी ताडून बघा. स्पष्ट कमी आला तर कॉइल शॉर्ट आहे.

यानंतरच वीज द्यायची, तीही 100 वॉटच्या फिलामेंट बल्बच्या सिरीज बोर्डमधून, म्हणजे मशिनची वीज आधी बल्बमधून जाईल अशा जोडणीतून. एलईडी बल्ब इथे चालत नाही. अॅम्प्लिफायर, सिलेक्टर, यंत्रणा आणि दिवे यांचे प्लग सुटे करा आणि एकेक जोडत जा. ज्या जोडणीला बल्ब एकदम भगभगून पेटतो आणि तसाच राहतो, दोष तिकडे. फ्यूज प्लेटवर लिहिलेल्या रेटिंगचाच, आणि लिहिलं असेल तर स्लो-ब्लोच (क्षणिक झटका सोसणारा).

स्विचच्या कॉन्टॅक्टवर सॅंडपेपर घासू नका. चांदीचा थर जातो, कण रुततात, मग ठिणगी वाढते आणि कॉन्टॅक्ट चिकटतात. साधा जाड कागद अल्कोहोलमध्ये भिजवून दोन पात्यांमधून ओढा. खड्डे पडले असतील तरच बर्निशर (कॉन्टॅक्ट घासायची बारीक पट्टी) घ्या. ठिणगी दाबणारा जुना कपॅसिटरही बदला.

सीबर्ग कंपनीचं 1955 पासूनचं, टोरमॅट मेमरीचं (निवडलेली गाणी चुंबकीय रिंगांमध्ये लक्षात ठेवणारं) मशिन असेल तर त्या मेमरीवर ओहममीटर लावू नका. मीटरच्या करंटनेही रिंगांची चुंबकीय अवस्था बदलू शकते.

अॅम्प्लिफायरबद्दल थोडक्यात: घुमण्याचा आवाज असेल तर आधी पॉवर सप्लायच्या फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बघा. 6एल6 या आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लाल होत असेल तर व्हॉल्व्ह काढून सॉकेटच्या 5 नंबर पिनवर डीसी मोजा. तिथे पॉझिटिव्ह व्होल्टेज आलं तर आधीच्या टप्प्याशी जोडणारा कपलिंग कपॅसिटर गळतोय. व्हॉल्व्ह बदलून काही होणार नाही, नवाही जळेल. हे मोजमाप चालू सर्किटवर होतं आणि आत 350-400 व्होल्ट असतात. काम झाल्यावर प्लग काढून 2.2 किलोओहम, 10 वॉटच्या रेझिस्टरने फिल्टर कपॅसिटरमधला साठलेला चार्ज उतरवा आणि मीटरने खात्री करा. याचा सराव नसेल तर हा भाग व्हॉल्व्हचं काम जाणणाऱ्याकडेच द्या.

मी हे मशिन न बघता लिहितोय, आणि प्रत्येक कंपनीचं सर्किट वेगळं. त्यामुळे सर्व्हिस मॅन्युअलमधली आकृती समोर असल्याशिवाय एकही वायर कापू नका. मॉडेल नंबर, फ्यूज प्लेटवरचं रेटिंग आणि दोन-तीन कॉइलचे रेझिस्टन्स इथे लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल. आणि 10 चा फ्यूज आधीच बसवला असेल, तर आजच काढा.