नवीन टायर टाकले, तरी डॅशबोर्डवरचा टायरच्या हवेचा दिवा पेटलेलाच?

भाऊ, लगेच टायरला दोष देऊ नको. बहुतेक वेळा दुकानात अंदाजाने हवा भरलेली असते. सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा बघून हवा भर. टायरच्या कडेवरचा आकडा कमाल मर्यादेचा. तो धरू नको.

मग गाडीच्या मेनूतून किंवा बटणाने हा हवेचा इशारा रीसेट कर. बऱ्याच गाड्यांच्या चाकांत हवेचा सेन्सरच नसतो, चाकाच्या वेगावरून अंदाज बांधला जातो. त्यामुळे रीसेट लागतोच.

दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल तर सेन्सरचा घोळ. चाकात सेन्सर असेल तर टायर चढवताना तुटला असेल, दुकानात परत जा.

अन् हो, नागपूरच्या 45 अंशांत ‘हवा कमीच ठेवा’ म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नको, कमी हवेचा टायरच जास्त तापतो.