एकाच देशाचे रोजगाराचे दोन आकडे जुळत का नाहीत? बाकीचे देश हा हिशोब कसा करतात?

आकडे जुळले नाहीत की लोक लगेच म्हणतात फिरवले. कुठे फिरवतही असतील, पण मी स्वतः पाहिलंय, आकडा हलतो तो दारातच, फॉर्म भरताना.

कॉलेज संपल्यावर दीड वर्ष मी एका खासगी संस्थेसाठी घरोघरी जाऊन सर्व्हेचे फॉर्म भरायचो. एका घराला लागूनच नवऱ्याचा छोटा छापखाना होता. बाई दारातल्या बाकावर बसून छापील कागदांना घड्या घालत होत्या, पट्टीने कड दाबायची, गठ्ठ्यावर टाकायचा, पुढचा घ्यायचा. विचारलं, ताई तुम्ही काय काम करता? हात न थांबवता म्हणाल्या, "मी कुठे काय करते, घरीच असते." म्हटलं मग हे? "हे होय, ह्यांना जरा हातभार." रोज किती वेळ विचारलं तर म्हणाल्या दोनेक तास, सुट्टी कसली. म्हणजे आठवड्याचे १४. मी 'घरच्या धंद्यात बिनपगारी मदत' असं भरलं. संध्याकाळी सुपरवायझर साहेबांनी ते खोडून 'घरकाम' केलं, म्हणे ती बाई स्वतःच नाही म्हणते, तू कशाला तिला कामाला लावतोस. आमचं चांगलंच वाजलं, पण फॉर्म खोडलेलाच गेला.

आता ह्याच ताई वेगवेगळ्या देशांत नेऊन बघा. अमेरिकेत घरच्या धंद्यात बिनपगारी काम आठवड्याला किमान १५ तास असेल तरच रोजगारात धरतात, म्हणजे एका तासाने ह्या बाहेर. ऑस्ट्रेलियात एक तास पुरतो, तिथे ह्या आत. अमेरिकेतच दुसरा सर्व्हे आस्थापनांचा असतो, पगारपत्रकावरून, त्यात पन्नास तास राबल्या तरी दिसणार नाहीत कारण पगारपत्रकावर नावच नाही, आणि उलट दोन ठिकाणी पगार घेणारा माणूस तिथे दोनदा मोजला जातो, घरोघरच्या सर्व्हेत मात्र एकदाच. जर्मनीत तर आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम करणारा माणूस रोजगार कार्यालयात बेरोजगार म्हणून नोंदलेला असू शकतो आणि त्याच वेळी आंतरराष्ट्रीय व्याख्येने, म्हणजे आठवड्यात एक तास काम पुरतं त्या हिशोबाने, रोजगारात. आपल्याकडे २०१७ पासूनच्या पीएलएफएसमध्ये, म्हणजे सरकारच्या रोजगाराच्या सर्व्हेत, वर्षभराची स्थिती वेगळी आणि गेल्या आठवड्याची वेगळी, त्यामुळे बेरोजगारीचे दरही दोन. लक्झेंबर्गमध्ये रोज शेजारच्या देशांतून एवढे लोक कामाला येतात की तिथे राहणारे कामगार मोजले की एक संख्या येते आणि तिथे काम करणारे मोजले की भलतीच.

हे सगळं एका वहीत आणायचं म्हणून लेबर अकाउंट काढतात. ऑस्ट्रेलिया २०१७ पासून काढतं, डेन्मार्क, नेदरलँड्स, स्वित्झर्लंडमध्येही असे हिशोब आहेत. ऑस्ट्रेलियाच्या वहीत चार बाजू आहेत: जॉब किती, माणसं किती, तास किती, मोबदला किती. मग घरोघरच्या सर्व्हेत न येणारे, म्हणजे सैन्यातले लोक, १५ वर्षांखालची काम करणारी मुलं, थोड्या दिवसांसाठी बाहेरून आलेले कामगार, हेही त्यात घालतात. माझ्या मते खरी किंमत तासांच्या बाजूला आहे. माणूस मोजायचा की नाही ह्यावर वाद होतो, १४ तास मात्र १४च राहतात.

एक सांगायचं राहिलं, एका तासाचा नियम मूर्खपणाचा नाही, देशाच्या उत्पादनात जेवढं काम गेलं तेवढं सगळं धरायचं म्हणून तो आहे. एका तासात पोट भरतं असं तो म्हणत नाही. आणि सर्व्हे म्हटला की थोड्या घरांवरून सगळ्यांचा अंदाज, त्यात थोडीफार चूक असतेच, त्यामुळे एका महिन्याच्या दशांश टक्क्यावर भांडू नका.

तुम्ही तुलना करणार असाल तर टक्के नंतर बघा, आधी प्रत्येक देशाची प्रश्नावली काढून वाचा, प्रश्न 'काय काम करता' असा आहे की 'गेल्या आठवड्यात घरच्या धंद्यात एक तास तरी हात लावला का' असा. साहेब म्हणायचे बाई स्वतःच नाही म्हणते. अहो, पण पहिल्या प्रश्नाला त्या नाही म्हणाल्या होत्या, दुसऱ्याला दोन तास म्हणाल्या.