जुन्या स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन चूं-चूं करतंय, चारही शॉकअप बदलू का?

इतक्यात नको.

तुम्ही लिहिलंय की वीसेक वर्षं जुनी दोन सीटची गाडी घेतली, स्पीड ब्रेकरवर पुढून चूं आवाज येतो आणि गॅरेजवाल्यानं चारही शॉकअप बदलायला सांगितलेत. आवाज नेमका कुठून येतो हे त्यानं बोट ठेवून दाखवलं का? नसेल तर पैसे खिशातच राहू द्या. शॉकअप गेला की गाडी खड्ड्यानंतर डुलत राहते, शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसतं, टायर जागोजागी खोलगट झिजतो. बॉनेटचा कोपरा दाबून सोडा. एकदा वर येऊन गाडी स्थिर झाली तर शॉकअप निदान मेलेला नाही. चूं-चूं करायचा धंदा बहुतेक वेळा रबराचा असतो, नाहीतर कोरड्या पडलेल्या बॉल जॉइंटचा, म्हणजे चाकाजवळच्या गोळा-वाटीच्या सांध्याचा.

माझ्याकडे २००१ ची मर्सिडीज एसएलके २०० आहे, आर१७० पिढीची, पत्र्याचं छप्पर डिकीत दुमडून जाणारी. कोल्हापुरात असली बुटकी गाडी बाळगणं म्हणजे प्रत्येक स्पीड ब्रेकर तिरका चढवायचा, आणि ऊस हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावरून देवाचं नाव घेत जायचं. तिचाही असाच आवाज यायचा. मी त्यात चार महिने आणि बरेच पैसे घालवले, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

तुमच्या गाडीचं छप्पर उघडत असेल तर आधी ते उघडून त्याच ब्रेकरवरून जा. हसू नका. माझा निम्मा आवाज छपराच्या रबरी पट्ट्यांचा होता. बॉडी जराशी पिळली की पट्टी काचेच्या कडेला घासायची आणि कानाला वाटायचं चाकाजवळूनच येतोय. पट्ट्या पुसून सिलिकॉनचा हात फिरवला, तेवढा आवाज गेला. उरला तो खरा.

तो सापडवून दिला शिवाजी उद्यमनगरातल्या एका मेकॅनिक चाचांनी. मी त्यांना शॉकअपबद्दलच विचारायला गेलो होतो. ते म्हणाले, "बदलूया की. पर आधी आवाज कुठनं येतोय त्ये तरी बघूया." पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत साबणाचं पाणी, झाकणाला खिळ्यानं पाडलेलं भोक, एवढंच त्यांचं हत्यार. गाडी पिटवर, म्हणजे खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर, घेतली. त्यांचा पोरगा वरून फेंडर दाबत होता आणि चाचा खालून एका वेळी एकाच बुशावर (सांध्यातल्या रबरी नळकांड्यावर) पाणी मारत होते. स्टॅबिलायझर बारचं (वळणावर गाडीला कलू न देणाऱ्या दांड्याचं) रबर भिजवलं, आवाज तसाच. उजव्या लोअर आर्मचे (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश भिजवले, तसाच. डाव्या आर्मच्या मागच्या बुशावर धार पडली आणि आवाज पट्‌कन बंद. पाच मिनिटांनी पाणी निथळलं, पुन्हा चूं.

हे तुम्ही घरीही करू शकता, फक्त एकावेळी एकाच जागी पाणी मारा. सगळीकडे फवारलंत तर आवाज जाईल, पण कळणार काहीच नाही. पावसाळ्यात आवाज आपोआप गायब होतो तोही याच कारणानं. जूनमध्ये गाडी बरी झाली असं समजून मी गगनबावड्याला जाऊन आलो होतो, ऑक्टोबरात ऊन पडलं आणि पाहुणे परत हजर.

तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल की तिथं ग्रीस मार, ऑइल मार. मारू नका. साध्या रबराला खनिज तेल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. शिवाय आर्मचा बुश आत घसरतच नाही. मधलं लोखंडी नळकांडं आणि बाहेरचं कवच यांना रबर चिकटवलेलं असतं, आर्म वरखाली झाला की रबर नुसतं पिळतं आणि सुटतं. तिथं ग्रीस करणार काय? पॉलियुरेथेनचे बुश बसवले असतील तर गोष्ट वेगळी, ते घसरतात. त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं आणि ते नसलं की ते सगळ्यात जास्त बोंबलतात.

आता माझ्या बाबतीतली गंमत. तो डावा बुश जुना नव्हता. चारच महिन्यांपूर्वी एका चकाचक वर्कशॉपमध्ये दोन्ही बाजूंचे नवे टाकून घेतले होते. चाचांनी टॉर्चचा उजेड मारून मला खाली बोलावलं. गाडी चाकांवर उभी होती, तरी बुशाचं रबर एका अंगाला ओढलेलं, धुतलेला टॉवेल पिळताना दिसतो तसं. "वर टांगून आवळलाय," एवढंच म्हणाले. लिफ्टवर गाडी उचलली की चाकं खाली लोंबतात. त्या अवस्थेत बोल्ट आवळला तर रबर लोंबत्या आर्मला जखडलं जातं. मग गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं. उभ्या गाडीतही त्याला विश्रांती नाही. आधी ते कुरकुरतं, पुढे फाटतं.

चाचांनी बोल्ट सैल केला. गाडी पिटवर, म्हणजे चारही चाकांवर पूर्ण वजन. पोरानं पुढची बाजू दहाबारा वेळा दाबून सोडली, बुश आपल्या जागी बसला, मग तिथल्या तिथं आवळला. रबर अजून फाटलं नव्हतं, त्यामुळे नवा पार्ट शून्य. उजवीकडचाही तसाच सोडून आवळला. लिफ्टच्या जमान्यात पिटला मागासलेलं समजतात, पण या एका कामाला पिटच बरा. तुम्ही कुठेही काम केलंत तरी शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असताना करून घ्या, आणि समोर उभे राहून करून घ्या. एक मात्र आहे. माझ्या गाडीत लोअर आर्मचे बोल्ट एक्सेंट्रिक, म्हणजे भोक मध्यापासून सरकलेल्या वॉशरचे आहेत, त्यांवरच चाकाचा कॅम्बर (आत-बाहेरचा कल) आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) ठरतो. सोडण्याआधी खडूनं खूण करायची आणि नंतर अलाइनमेंट तपासायचीच.

पाणी मारून कुठलाच बुश गप्प बसला नाही तर बॉल जॉइंट पाहा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक जॉइंटवर आणि मूठ कानाला, दुसऱ्यानं स्टिअरिंग हळू फिरवायचं. किंवा जॉइंटवर नुसतं बोट ठेवा. खराब जॉइंट बोटाला वाळूसारखा करकरतो. रबरी टोपी फाटून पावसाचं पाणी आत गेलं की ग्रीस धुऊन निघतं. बुशाचा आवाज महिनाभर ऐकत बसलात तरी चालेल, याचा नाही. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं, आणि ते पन्हाळ्याच्या वळणावर पडायला नको.

आर्म खोलायची वेळ आलीच तर घरी हौस करू नका. माझ्या गाडीत पुढची स्प्रिंग शॉकअपभोवती नसून थेट लोअर आर्मवर बसते. स्प्रिंग आवळून न धरता आर्म सोडला तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटेल. तुमच्या गाडीत रचना कशी आहे ते आधी बघा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका, ते बाटलीचे प्रयोगसुद्धा पिटवर किंवा चाक पूर्ण वळवून बाहेरूनच करा.

गाडी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. बाटली मारून बघा, कुठल्या जागी आवाज थांबतो ते सांगा आणि त्या बुशाचा गाडी उभी असतानाचा फोटो टाका. रबर पिळलंय की फाटलंय ते फोटोत कळतं.